‘चुकार’ विद्युद्दाब : एका संज्ञेचा इतिहास

इंग्रजीतील ‘स्ट्रे’ हा शब्द जुन्या कायद्याच्या परिभाषेत धन्यापासून चुकून भटकणाऱ्या गुराला लावला जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोच शब्द दुभत्या गाईंच्या गोठ्यात निराळ्या अर्थाने शिरला. गाय दावणीलाच बांधलेली राहिली. चुकार ठरला तो विद्युद्दाब. ‘स्ट्रे व्होल्टेज’ या संज्ञेचा इतिहास पाहिला असता, नावाची निवड आणि जबाबदारीचा निर्णय यांचा संबंध किती निकटचा असतो, हे ध्यानात येते.

अमेरिकेत १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले, तेव्हा दहा शेतांपैकी सुमारे एकाच शेतावर वीज होती. पुढे तेथे रूढ झालेल्या वितरणपद्धतीत परतीच्या प्रवाहाची न्यूट्रल तार सुरक्षिततेसाठी ठिकठिकाणी जमिनीशी जोडलेली असते. साहजिकच परतीचा काही प्रवाह तारेतून व काही मातीतून वाहतो, आणि न्यूट्रल व जमीन यांच्यात अल्पसा विद्युद्दाब राहतो. गोठ्यातील पाण्याचे भांडे व लोखंडी खांब संरक्षणार्थ याच न्यूट्रलशी जोडलेले असतात. ओल्या काँक्रीटवर उभी असलेली गाय भांड्याला तोंड लावते, तेव्हा तिच्या शरीरातून प्रवाहाची वाट पुरी होते. गाईचा रोध हिशेबासाठी सुमारे ५०० ओम धरतात. रबरी बूट घातलेल्या माणसाला जे मुळीच जाणवत नाही, ते तिला जाणवते ते यामुळे.

या प्रकाराची नोंद ऑस्ट्रेलियात १९४८ मध्ये, न्यूझीलंडमध्ये १९६२ मध्ये व अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९६९ मध्ये झाली. पाणी पिण्याऐवजी नुसते चाटणे, दोहनगृहात शिरण्यास कचरणे, अस्वस्थ होऊन पान्हा चोरणे, ही लक्षणे होत. तथापि कासदाह किंवा दूध काढण्याच्या यंत्रातील बिघाड यांनीही तीच लक्षणे उद्भवतात. त्यामुळे गाईची तक्रार खरी असली, तरी तिचे कारण मोजमापावाचून सिद्ध होत नाही.

या वस्तूला नावे अनेक पडली. अभियंत्यांचे ‘न्यूट्रल-टू-अर्थ व्होल्टेज’ हे नाव दाबाचे स्थान सांगते. कॅनडातील ‘टिंगल व्होल्टेज’ अंगाला येणाऱ्या झिणझिण्या सांगते. ‘स्ट्रे’ मात्र मालकाचा अभाव सूचित करते. अमेरिकी कृषिखात्याच्या १९९१ च्या पुस्तिकेने जनावर एकाच वेळी स्पर्श करू शकेल अशा दोन बिंदूंमधील, १० व्होल्टहून कमी दाब, अशी व्याख्या स्वीकारली. त्यायोगे व्याख्येच्या केंद्रस्थानी तारेऐवजी जनावर आले. विस्कॉन्सिन राज्याच्या लोकसेवा आयोगाने १९९६ मध्ये २ मिलिअँपियर, म्हणजे ५०० ओमच्या हिशेबाने १ व्होल्ट, ही दखलपात्र मर्यादा ठरविली. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांना उपद्रवाचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. चुकाराला धनी असू शकतो, हे अशा रीतीने मान्य झाले. तो धनी प्रत्येक वेळी वीजसंस्थाच असेल असे नाही. गंजलेला जोड, असमतोल भार वा सदोष मोटर यांच्यामुळे खुद्द शेतातही असा दाब निर्माण होतो.

नावाचा हा भ्रम जिवावरही बेतू शकतो. चुकार वस्तू हाकलून द्यावी, या समजुतीने कोणी गोठ्याची अर्थिंग तोडली, तर जिवंत तार लोखंडाला लागल्यावर प्रवाह खंडित करणारे साधन काम करणार नाही आणि प्राणघातक दाब गोठ्यात तसाच राहील. जोड दुरुस्त करणे, भाराचा समतोल राखणे, फरशीखालील लोखंडी जाळी खांबांशी जोडून सर्वत्र समान दाब ठेवणे आणि आवश्यक तेथे तज्ज्ञांकरवी दोन न्यूट्रल विलग करणे, हे खरे उपाय होत.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सदोष तारांमुळे वीज उतरलेल्या दिव्याच्या खांबांनाही हीच संज्ञा लावण्यात आली. विद्युत् अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत ‘स्ट्रे’ व ‘कॉन्टॅक्ट’ असे दोन दाब वेगळे मानले. पहिला सुस्थितीतील व्यवस्थेतही उद्भवतो, दुसरा बिघाडातून. पहिला मोजून मर्यादेत ठेवावयाचा असतो. दुसरा आढळताच वीज बंद करावयाची असते. दोहोंना एकच नाव राहिले, तर कोणता उपाय केव्हा करावयाचा याचाच घोटाळा होतो.