झडपेवरचा हात

सेफ्टी व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्तीची वाफ सोडून देणाऱ्या झडपेचा, माग काढत मागे गेलं की आपण पोहोचतो हाडं शिजवायच्या एका भांड्यापाशी. फ्रान्समधल्या ब्लोआ गावचा दनी पापँ १६७९ मध्ये लंडनमध्ये होता. जाड धातूचं, घट्ट झाकणाचं भांडं त्याने रॉयल सोसायटीपुढे मांडलं. वाफ कोंडल्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे तापायचं आणि टणक हाडंही मऊ व्हायची. एप्रिल १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी त्यात शिजवलेलं जेवण घेतलं, त्याची नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. कोंडलेली वाफ भांडं फोडते हे पापँला ठाऊक होतं. म्हणून त्याने झाकणाला बारीक भोक ठेवलं, भोकावर झडप बसवली, झडपेवर आडवी दांडी आणि दांडीवर सरकतं वजन.

आपल्या कुकरची शिट्टी याच घराण्यातली. फक्त दांडी गेली आणि वजन थेट भोकावर आलं. भोक तीन मिलिमीटरचं धरलं, तर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब रोखायला सत्तर ग्रॅम वजन पुरतं.

पापँच्या रचनेत एक गोष्ट मात्र मोकळी राहिली. वजन दांडीच्या टोकाकडे सरकवलं की झडप जास्त दाबाला उचलली जायची. म्हणजे वाफ किती कोंडायची हे अखेर वजन सरकवणाऱ्याच्या हातात. माझ्या मते या झडपेचा पुढचा सगळा इतिहास तो हात तिच्यापासून दूर नेण्याचा आहे.

न्यूकमेन आणि वॅट यांची वाफेची इंजिनं वातावरणाच्या दाबाहून फारशी वर जात नव्हती, तोवर हे खपून गेलं. कॉर्नवॉलचा रिचर्ड ट्रेव्हिथिक जोरकस वाफ वापरू लागला आणि प्रश्न जिवाचा झाला. ८ सप्टेंबर १८०३ रोजी ग्रीनिचला त्याचा एक बिडाचा बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली. ट्रेव्हिथिकने लिहिलेली हकिगत अशी : इंजिन सांभाळणारा मुलगा ते एका मजुरावर सोपवून ईल मासे पकडायला गेला होता. झडपेची दांडी पान्याने जखडलेली होती. इंजिन फार वेगाने चालतंय असं पाहून मजुराने ते थांबवलं, पण पाना काढला नाही. खाली जाळ चालू, वाफेला वाट नाही.

ट्रेव्हिथिकने यातून घेतलेला धडा मला फार मोलाचा वाटतो. माणसांना ताकीद देऊन तो थांबला नाही, त्याने यंत्रच बदललं. एका झडपेच्या जागी दोन. सोबत पाऱ्याचा दाबमापक, म्हणजे झडप अडकलीच तर पारा उडून वाफेला तिथून वाट मिळावी. आणि बॉयलरच्या पत्र्यात शिशाची गुडदी : पाणी खाली गेलं की ती वितळते आणि वाफ आगीवर येते. कुकरच्या झाकणावरचा वितळणारा सेफ्टी प्लग हा त्या गुडदीचाच वंशज. १८१७ मध्ये नॉरिचला वाफेची बोट फुटल्यावर ब्रिटिश संसदेच्या समितीने शिफारस केली की दोन झडपांपैकी एक तरी इंजिनवाल्याचा हात पोहोचणार नाही अशी असावी.

तरीही हात पोहोचतच राहिले. १७ जून १८३१ रोजी अमेरिकेत साउथ कॅरोलायनात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' हे रेल्वे इंजिन फुटलं. सुटणाऱ्या वाफेच्या आवाजाला कंटाळून फायरमनने झडप दाबून बंद केली होती. तो त्यात गेला. पुढे प्रवाशांच्या बचावासाठी इंजिन आणि प्रवासी डबे यांच्यामध्ये कापसाच्या गाठी भरलेला डबा जोडू लागले.

रेल्वेने आणखी एक अडचण उभी केली. धावत्या इंजिनावर लोंबतं वजन हिंदकळतं, झडप वेळीअवेळी फुसफुसते. टिमथी हॅकवर्थने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वजनाच्या जागी स्प्रिंग आणली. पण तिचा ताण वाढवायला नट पिळला की झालं, आणि चढणीवर गाडी रेंगाळली की ड्रायव्हर तो पिळतच. यावर १८५० च्या दशकाच्या मध्याला जॉन रॅम्सबॉटमने काढलेला तोडगा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. शेजारी शेजारी दोन झडपा, दोन्हींवर मिळून एक आडवी दांडी, आणि त्या दांडीला मधोमध खाली ओढणारी एकच स्प्रिंग. ड्रायव्हरने दांडीचं टोक खाली दाबलं तर एका झडपेवर भार वाढतो, पण दुसरीवरचा हलका होतो. वर उचललं तरी तेच. कोणीही काहीही केलं तरी एक झडप आधी उघडणारच.

हात असा दूर गेल्यावर दुसरा दोष ठळक झाला. साधी स्प्रिंगची झडप जेमतेम उचलली जाते, कारण वर जाताना स्प्रिंग आणखी दबते आणि जास्त जोराने विरोध करते. वाफ निघते, पण पुरेशी नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज रिचर्डसनने झडपेच्या कडेला एक ओठ दिला. जराशी वाफ सुटली की ती या रुंद भागावर आदळते, वर ढकलणारं क्षेत्रफळ एकदम वाढतं आणि झडप ताडकन पूर्ण उघडते. दाब काही टक्के खाली आल्यावरच ती मिटते. झडप उडाली की बॉयलर हाउसमध्ये जो स्फोटासारखा आवाज येतो, तो या ओठाचा.

म्हणूनच झडप निवडताना पाइपाच्या मापाआधी एकच प्रश्न विचारायचा : हा बॉयलर पूर्ण जाळावर तासाला किती वाफ बनवतो? तेवढी सगळी वाफ झडपांतून जायला हवी, तीही दाब फारसा न चढता. अमेरिकन बॉयलर संहितेत ही चढण सहा टक्क्यांपर्यंतच चालते. साखर कारखान्यात याचा अर्थ लगेच कळतो. टर्बाइन अचानक बंद पडलं तरी भट्टीतला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतच राहतो आणि त्याची वाफ कुठे तरी जायलाच हवी. वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरवरची झडप बॉयलरच्या ड्रमवरच्या झडपांच्या आधी उडेल अशी लावतात, नाहीतर सुपरहीटरच्या नळ्यांतला प्रवाह थांबून त्या जळतात.

बसवण्याचे नियम मोजके आहेत. झडप उभी, बॉयलरला शक्य तितकी जवळ. बॉयलर आणि झडप यांच्यामध्ये बंद करता येईल असं काहीही नको. सुटणाऱ्या वाफेचा पाइप झडपेच्या तोंडाहून अरुंद नको, त्याचं ओझं झडपेवर नको आणि त्यात साचलेल्या पाण्याला निचरा हवा. पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना झडप उडू नये म्हणून जो गॅग आवळतात, तो चाचणी संपताच काढायचा. विसरलेला गॅग म्हणजे ग्रीनिचचा पानाच.

आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्याला मोठा बॉयलर स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालने तपासणीचा कायदा केला. प्रांताप्रांतांचे वेगवेगळे नियम १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने एक केले. आज बॉयलर इन्स्पेक्टरसमोर झडप ठरलेल्या दाबाला उडवून पाहतात. साखर कारखान्यात दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा मान ज्यांना मिळतो, त्या संचालकांनी आणि पाहुण्यांनी बॉयलर पेटवण्याआधी एवढं जरूर विचारावं : झडपा तपासल्या का, आणि गॅग काढले का?

२०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला. त्याने काही गुन्ह्यांची फौजदारी शिक्षा काढून तिथे आर्थिक दंड ठेवला. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करणं मात्र आजही तुरुंगवासाला पात्र गुन्हा आहे.