ताणाखाली हृदयाची परीक्षा

तोरण्याची उंची १४०३ मीटर. वेल्ह्याहून (हा तालुका आता 'राजगड' झाला आहे) गड चढणाऱ्या एखाद्या पुणेकराच्या छातीत अर्ध्या वाटेवर कळ येते, पाच मिनिटे टेकल्यावर ती थांबते आणि 'सवय नाही' असे म्हणत तो पुढे निघतो. भोरकडच्या डोंगरात डोक्यावर भारा घेऊन चढण चढणारा शेतकरीही हेच करतो. श्रमाने येणारी व विसाव्याने जाणारी ही कळ म्हणजे बहुधा अंजायना. अशा रुग्णाचा विश्रांतीत काढलेला ईसीजी पुष्कळदा निर्दोष असतो. रक्तवाहिनी अरुंद झाली तरी बसलेल्या माणसाच्या हृदयाला पुरेल एवढे रक्त तिच्यातून जाते. मागणी वाढली की तूट उघडी पडते.

म्हणून हृदयावर मुद्दाम ताण दिला जातो. प्रचलित ब्रूस पद्धतीत ट्रेडमिलचा वेग व चढ दर तीन मिनिटांनी वाढवतात. २२० मधून वय वजा केल्यास येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्के नाडीगती गाठणे हे उद्दिष्ट असते. नुसत्या ईसीजीपेक्षा प्रतिमा अधिक बोलकी. 'स्ट्रेस इको'मध्ये रक्त कमी पडलेला हृदयभित्तीचा भाग आळसावलेला दिसतो. 'स्ट्रेस थॅलियम'मध्ये किरणोत्सारी द्रव्य तिथे कमी पोहोचते. (नाव थॅलियमचे, पण आज बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात!) गुडघेदुखीमुळे चालता न येणाऱ्यांना डोब्युटामाइन किंवा अ‍ॅडेनोसिन देतात. अ‍ॅडेनोसिनपूर्वी काही तास चहा-कॉफी बंद ठेवावी लागते. चहा-कॉफीने तपासणी बिघडू शकते.

या चाचणीचे खरे मोल भविष्याच्या अंदाजात आहे. प्रतिमा निर्दोष असल्यास पुढील वर्षभरात हृदयविकाराचा झटका वा हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता साधारणतः एक टक्क्याहून कमी असते. मधुमेह्यांना मात्र एवढे निश्चिंत राहता येत नाही. तूट जितक्या मोठ्या भागात, तितका धोका अधिक. चालण्याची क्षमताही महत्त्वाची असते. ब्रूस पद्धतीत नऊ मिनिटांहून अधिक टिकणाऱ्याचे भवितव्य सहसा चांगले असते.

मात्र हे अभयपत्र नव्हे. अनेक झटके फारशा न अरुंदलेल्या जागी साठलेला मेदाचा थर फुटून, त्यावर गुठळी झाल्याने येतात. असा थर ताणचाचणीत दिसेलच असे नाही. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. भारतासह ३७ देशांतील ५१७९ रुग्णांवरील 'इस्केमिया' अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ताणचाचणीत मध्यम ते तीव्र दोष असलेल्या स्थिर रुग्णांमध्ये तातडीने स्टेंट वा बायपास केल्याने, औषधोपचारांच्या तुलनेत, मृत्यू वा झटके लक्षणीय घटले नाहीत. कळ मात्र अधिक कमी झाली. डाव्या मुख्य रक्तवाहिनीतील अडथळा किंवा अतिशय क्षीण हृदय असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते.

त्रास नसलेल्या, कमी धोक्याच्या व्यक्तीने ट्रेकपूर्वी हौसेने थॅलियम करून घेण्यात अर्थ नाही. चढणीवर कळ येणाऱ्याने मात्र पुण्याची खेप टाळू नये. बसूनही कळ थांबत नसेल, घाम सुटला असेल, तर ताणचाचणी वर्ज्य. तेव्हा थेट १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.