साखरेचा ढळता कोन

साखरेचें पाणी पारखण्याचें पोलॅरिमीटर नांवाचें एक यंत्र आहे. एकाच पातळींत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवीभूत केलेला, प्रकाशकिरण त्यांतील नळीभर साखरेच्या पाण्यांतून जातांना त्याची पातळी कांहीं अंशांनीं फिरते. आणि ती किती फिरली यावरून पाण्यांत साखर किती हें सांगतां येतें. साखरेच्या अंगचा हा गुण बिओ या फ्रेंच पंडितानें १८१५ च्या सुमारास उघडकीस आणला, आणि पुढें साखरेच्या व्यापारास त्यांतून एक नवा तराजूच मिळाला. या तराजूची दांडी नेहमींच स्थिर राहत नाहीं, ही गोष्ट १८४६ सालीं द्युब्रुंफो याच्या ध्यानांत आली.

द्युब्रुंफो हा बीटच्या साखरेच्या व दारू गाळण्याच्या धंद्यांत वावरलेला फ्रेंच रसायनज्ञ. द्राक्षांत व मधांत असणारी जी साखर, जिला आपण ग्लुकोज म्हणतों, तिचे स्फटिक नुकतेच विरघळविले असतां कोन जवळजवळ दुप्पट दिसतो. मग तो तासातासानें उतरत जाऊन अखेर एका ठिकाणीं थांबतो, असें त्याला आढळलें. नळींत कांहीं घातलें नाहीं, तींतून कांहीं काढलें नाहीं, साखरेचें वजन तेंच. मग कोन ढळला कशानें? 'दुप्पट भ्रमण' असें या प्रकारास नांव पडलें. पण माल्टोज या साखरेचा कोन उतरण्याऐवजीं चढतो, तेव्हां नांव अपुरें होतें हें उघड आहे. 'म्यूटारोटेशन', म्हणजे पालटतें भ्रमण, हें आजचें नांव लाउरी या इंग्रज रसायनज्ञानें १८९९ सालीं दिलें, आणि तेंही साखरेवरून नव्हे, कापरापासून केलेल्या एका द्रव्यावरून!

धंदेवाल्यांना या कोड्याची फारशी अडचण झाली नाहीं. उसाच्या साखरेचा कोन ढळत नाहीं. आणि ग्लुकोजच्या पाण्यांत अमोनियाचे चार थेंब टाकले कीं तासांचें काम मिनिटांत उरकतें. खरी फसगत झाली ती निराळ्याच ठिकाणीं. यीस्टमध्यें इन्व्हर्टेज नांवाचें एन्झाइम असतें. तें उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतें. साखर फुटत जाईल तसतसा कोन उजवीकडून डावीकडे सरकतो, आणि त्यावरून फुटण्याचा वेग मोजीत. परंतु नव्यानें सुटलेल्या ग्लुकोजचा कोन अजून उतरलेला नसतो. म्हणून साखर प्रत्यक्षांत जितकी फुटली त्याहून कमी फुटल्यासारखी दिसते. बर्टन येथील बिअरच्या कारखान्यांतला ओसलिव्हन व त्याचा सहकारी टॉम्पसन यांनीं १८९० सालीं यावर उपाय योजला: कोन वाचण्यापूर्वीं अल्कली घालावी, म्हणजे एन्झाइमही थांबतें आणि कोनही स्थिरावतो. इतकी उघड झालेली गोष्ट. तरी पॅरिस येथें व्हिक्टर हेन्री यानें १९०३ सालीं आपलें काम प्रसिद्ध केलें त्यांत ही खबरदारी नव्हती. बर्लिनमध्यें मिखाएलिस व कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन बाई यांनीं १९१३ सालीं ती घेतली. पाण्याच्या आम्लतेकडेही लक्ष पुरविलें. त्यांच्या नांवाचें समीकरण आज जीवरसायनाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. हेन्रीचें समीकरण तत्त्वतः तेंच होतें! श्रेयाचें पारडें फिरविण्यांत थोड्याशा अल्कलीचा वांटा होता, असें म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

कोन ढळतो कां, याचें उत्तर मात्र साखरेच्या घडणींतच होतें. एमिल फिशर यानें १८९१ सालीं ग्लुकोजच्या सहा कार्बन अणूंची सरळ सांखळी मांडली. तींत या पालटाला जागा नव्हती. सांखळीचें टोंक वळून कडें होत असावें असें टोलेन्स यानें १८८३ सालींच सुचविलें होतें. कडें मिटलें कीं जोडावरचा हायड्रॉक्सिल गट दोन बाजूंपैकीं एकीकडे राहतो, आणि एकाच ग्लुकोजचीं दोन रूपें होतात. १८९५ सालीं फ्रेंच औषधशास्त्रज्ञ तांरे यानें अधिक कोनाचे व कमी कोनाचे स्फटिक वेगळे करून दाखविले. त्यानें तिसरेंही एक रूप मानलें. तें पुढें या दोहोंचें मिश्रण ठरलें. १९०३ सालीं ई. एफ. आर्मस्ट्राँग यानें ग्लुकोजच्या दोन निराळ्या संयुगांवर दोन निराळीं एन्झाइमें सोडलीं, आणि मग अमोनिया घातला. एका नळींतला कोन उतरला, दुसरींतला चढला. मोजणारांनीं अडथळा दूर करण्यासाठीं वापरलेला थेंब येथें साक्षीदार म्हणून उभा राहिला.

आल्फा रूपाचा विशिष्ट कोन सुमारें ११२ अंश, बीटाचा सुमारें १९. कोठूनही आरंभ करा, पाण्यांत कडीं उघडत व मिटत राहतात आणि कोन ५२.७ अंशांच्या आसपास येऊन ठरतो. त्या वेळीं शंभर रेणूंत सुमारें ३६ आल्फा व ६४ बीटा असतात. कोन थांबला तरी कड्यांची उघडमीट थांबलेली नसते. दोन्हीकडची ये-जा सारखी झालेली असते, इतकेंच. थंडींत मधाच्या बाटलीच्या तळाशीं जे दाणे बसतात ते आल्फा ग्लुकोजचे. ते पाण्यांत टाकले कीं द्युब्रुंफोनें पाहिलेला प्रकार पुन्हा सुरू होतो.