कल्याणचा इतिहास १६५७ ला सुरू होत नाही

कल्याणचा इतिहास कुठून सुरू होतो, असे शहरात कुणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे : शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले, दुर्गाडी किल्ला उभा राहिला, खाडीत आरमाराची जहाजे बांधली गेली. मग थेट रेल्वे : १८५४ साली ठाण्यापासून कल्याणपर्यंत रूळ आले. त्यानंतर १९४९ चे उल्हासनगर, फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव, गिरण्यांत आणि रेल्वेत कामाला आलेली देशावरची माणसे. झाला इतिहास.

यातले काहीही खोटे नाही. महाराजांचा वारसा आपलाही आहेच. १९२७ साली महाडनंतर अवघ्या काही आठवड्यांत याच उल्हास नदीच्या काठी, बदलापूरला, शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद खुद्द बाबासाहेबांनी भूषवले होते. प्रश्न वेगळा आहे. १६५७ च्या आधी या गावात माणसे राहत नव्हती काय? राहत असतील तर ती कोण होती, काय करत होती, कुणाला मानत होती? या प्रश्नावर स्थानिक इतिहासाची पुस्तके एक-दोन ओळी लिहून पुढे सरकतात.

का सरकतात, ते आता पाहू.

नदीने घडवलेले गाव

कल्याण हे मुळात नदीचे गाव. सह्याद्रीतून उतरणारी उल्हास बदलापूरवरून इथे येते, काळू-भातसाचे पाणी घेते आणि खाडी होऊन वसईकडे समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर जहाजे थेट कल्याणपर्यंत येत. इथून पुढे मालाची वाट नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जाई. समुद्र आणि घाट यांच्या मधला हा नाका होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाचे ‘पेरिप्लस’ नावाचे टिपण प्रसिद्ध आहे. त्यात या बंदराचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. थोरल्या सारगनसच्या काळात, म्हणजे सातवाहनांच्या अमलात, ही अधिकृत बाजारपेठ होती. पुढे सांदनसच्या हाती गेल्यावर इथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो लिहितो. दोन सत्ता ज्या बंदरासाठी भांडत होत्या, ते बंदर किती कमाईचे असेल याचा अंदाज करा.

दगडात लिहिलेली नावे

पण परदेशी नाविकाच्या टिपणात गावाचे नाव मिळते, गावातल्या माणसांची नावे मिळत नाहीत. ती मिळतात कान्हेरीला.

बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरी लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहेत. शंभराहून अधिक लेणी एकाच डोंगरात. त्या भिंतींवर धम्मलिपीत, म्हणजे ब्राह्मीत, प्राकृत भाषेतले दानलेख कोरलेले आहेत. सोपारा, चौल आणि कल्याण या बंदरांतल्या लोकांनी दिलेली दाने त्यांत नोंदली आहेत. ‘कलियण’ ही अक्षरे तिथे पुन्हा पुन्हा भेटतात.

सामिदत हा कल्याणचा सोनार. त्याने पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिले. नंद हा कल्याणचा लोहार. त्याने लेण्यांकडे जाणारी वाट करून दिली. दामिला ही कल्याणची स्त्री. तिचेही नाव दाता म्हणून कोरलेले आहे. कल्याणमध्ये अंबालिका नावाचा विहार होता, हेही कान्हेरीचाच लेख सांगतो. म्हणजे कल्याणकर दुसऱ्या गावी जाऊन दान देत होते एवढेच नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या गावात भिक्खुसंघाचा विहार उभा होता.

आता घाट चढून जुन्नरला चला. लेण्याद्रीला अष्टविनायकाच्या दर्शनाला लाखो लोक जातात. ज्या लेण्यात गणपतीचे देऊळ आहे तो मुळात बौद्ध विहार आहे. त्याच्या शेजारी भव्य चैत्यगृह आहे. ते कुणी कोरवले? तिथल्या लेखातच उत्तर आहे : कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा सुलसदत्त. किती कल्याणकर लेण्याद्रीला जाऊन आले असतील आणि त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की आपल्याच गावच्या माणसाने केलेले दान शेजारी उभे आहे?

याच वाटेवर नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात वैदिक यज्ञांची यादी आहे. दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी मोजून लिहिली आहेत. घाट एकच, काळही फार लांबचा नाही. राजघराणे यज्ञात दक्षिणा वाटत होते आणि त्याच वाटेने जाणारे सोनार-लोहार विहारासाठी पाणी आणि रस्ते देत होते. शाळेच्या पुस्तकात यज्ञाची दक्षिणा येते. लोहाराची वाट येत नाही.

एक सावधगिरी

इथे तरुण मित्रांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आपलीही माणसे काहीबाही पुढे ढकलत असतात. या लेखांत दात्याची ओळख गावाने आणि धंद्याने दिली आहे, म्हणून त्या काळी जातच नव्हती, असा निष्कर्ष काढू नका. सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख सापडला, म्हणून कोकणातले प्रत्येक देऊळ विहारच होते, असेही म्हणू नका. आपल्याकडे दगडात कोरलेला पुरावा आहे. त्यात भर घालण्याची गरज नाही. एक खोटी पोस्ट दहा खऱ्या शिलालेखांवर पाणी फिरवते.

मग कुणी विचारील, सामिदत सोनार होता, त्याचा आणि तुमचा काय संबंध? संबंध रक्ताचा आहे असा दावा आपण करतच नाही. रक्ताचा हिशेब ठेवणे हे जातीचे काम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी जो धम्म स्वीकारला, त्याच धम्माला सामिदतने पोढी दिली होती. नाते त्या दानाचे आहे. म्हणूनच, ‘बौद्ध धम्म महाराष्ट्रात १९५६ ला आला’ असे कुणी म्हणाले, तर त्याला कान्हेरीचे तिकीट काढून द्या. तिथे इ.स. ८७७ पर्यंतचे दानलेख आहेत. १९५६ ला धम्म आला नाही, परत आला.

पाण्याची गोष्ट

मला सामिदतची पोढी सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. पाणी ही दुसऱ्याला देण्याची वस्तू आहे, त्याने पुण्य लागते, ही समज त्या काळात इतकी पक्की होती की माणसाने त्यासाठी खडक फोडला आणि वर आपले नाव कोरले. त्याच कोकणात २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांना तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणी द्यायची वस्तू होती, ती नाकारायची वस्तू कशी झाली? या प्रश्नाच्या उत्तरात जातिव्यवस्थेचा सगळा इतिहास आहे. तो टाळायचा असेल तर सामिदतलाच टाळावे लागते. म्हणून पुस्तके पुढे सरकतात.

आणि आज? २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. अंबरनाथ-उल्हासनगरातून येणारी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी झाली आहे. तिच्या काठी कोण राहते, पावसाळ्यात कुणाच्या घरात पाणी शिरते, हे अशोकनगरात जाऊन पाहा. ज्या नदीने या गावाला श्रीमंत केले, तिची घाण आता गरिबांच्या दारात आहे.

काय करायचे?

धम्मलिपी शिका. अवघड नाही, मुळाक्षरे थोड्या दिवसांच्या सरावाने येतात. पुढच्या वेळी कान्हेरीला सहल नेण्याऐवजी वर्ग न्या, आणि पोरांना भिंतीवर ‘कलियण’ शोधायला लावा. शहराच्या इतिहासाचे फलक लागतात, तेव्हा त्यांवर सामिदत, नंद, दामिला आणि सुलसदत्त यांची नावे यावीत, म्हणून महापालिकेला निवेदन द्या. दुर्गाडीचे नाव पुसा असे कुणी म्हणत नाही. त्याच्या आधीचे पान जोडा, एवढेच म्हणणे आहे.

आणि वालधुनीच्या प्रश्नावर मोर्चा निघाला की त्यात सामील व्हा. पोढी देणाऱ्या गावाला घाण पाणी शोभत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!