आठवड्याला पाच अक्षरं

जपानच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम 2020 साली बदलला तेव्हा चौथीच्या वर्गात कान्जी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांची बरीच हलवाहलव झाली. देशातल्या सर्व 47 प्रांतांची नावं मुलांना कान्जीत लिहिता यावीत, म्हणून चौथीत 25 चिन्हं नव्याने आली. त्यांतली 20 तर प्राथमिक शाळेच्या यादीत याआधी नव्हतीच. पण मुलांच्या पाठीवर ओझं किती द्यायचं हेही ठरलेलं होतं. मग चौथीतली 23 चिन्हं पाचवी-सहावीकडे गेली आणि पाचवीवर ताण नको म्हणून तिथली 9 सहावीकडे सरकली. एवढा खटाटोप करून चौथीच्या वाट्याला 200 ऐवजी 202 चिन्हं आली.

पहिलीत 80, दुसरीत 160, तिसरीत 200, मग 202, 193 आणि 191. सहा वर्षांत एकूण 1026. शाळेच्या वर्षात सुमारे 35 आठवडे धरतात, म्हणजे सरासरी आठवड्याला पाच अक्षरं. पहिलीच्या पोराला तर दोन-तीनच. शिवाय त्या वर्षीची चिन्हं त्या वर्षी वाचता आली की पुरे. ती लिहिण्यात हात बसायला पुढचं वर्षही मिळतं. हा संथपणा आज स्वाभाविक वाटतो, पण तो ठरेपर्यंत पाऊणशे-शंभर वर्षं वाद झाले.

त्याआधी, शोगुन या लष्करी शासकांच्या एदो काळात, वेग ठरवणारं सरकार नव्हतंच. गावोगावी ‘तेराकोया’ नावाच्या खासगी शाळा होत्या. सहा-सात वर्षांचं मूल पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या ‘अश्व’ दिवशी तिथे दाखल होई. गुरुजी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने कित्ता घालून देत. आधी ‘इरोहा’ची मुळाक्षरं, मग आकडे, माणसांच्या नावांत येणारी चिन्हं, आसपासच्या गावांची नावं, प्रांतांची यादी आणि शेवटी पत्रांचे नमुने. व्यापाऱ्याच्या मुलाला ‘शोबाई ओराई’ हे पुस्तक मिळे. ते 1694 मध्ये छापलं गेलं आणि त्यात नाणी, धान्य, कापड, औषधं अशा दुकानात लागणाऱ्या शब्दांची जंत्री होती. शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या मुलांसाठी निराळी पुस्तकं. एकाच खोलीत एक जण पहिला कित्ता गिरवतोय आणि शेजारचा पत्राचा मायना घोटतोय, असं चाले. कागद महाग, म्हणून तोच कागद काळाकुट्ट होईपर्यंत त्यावर पुन्हा पुन्हा लिहीत.

चित्रकार वातानाबे काझान याने 1818 मध्ये अशी एक शाळा रेखाटली आहे. गुरुजी एकाला शिकवताहेत आणि बाकीची कार्टी मनसोक्त दंगा करताहेत. ज्याचा त्याचा वेग, पण त्याला कुंपणही होतं. शेतकऱ्याचा पोरगा शेतकऱ्यापुरती चिन्हं शिकून घरी परते. पुढे कोणी रोखत नसे, पण नेतही नसे.

शोगुनांनंतर आलेल्या मेइजी सरकारने 1872 मध्ये देशभर शाळांची योजना आणली आणि हे चित्र पालटलं. आता साऱ्या वर्गाला एकच फळा, एकच धडा. खालच्या प्राथमिकची चार वर्षं सहा-सहा महिन्यांच्या आठ इयत्तांमध्ये विभागली होती आणि प्रत्येक पायरीवर परीक्षा. मागे पडणाऱ्याला आता मागे पडल्याचं कळू लागलं.

वेगाची चिंता मात्र त्याआधीच सुरू झाली होती. पुढे जपानची टपालसेवा उभी करणाऱ्या माएजिमा हिसोका याने 1866 मध्येच शोगुनला अर्ज केला होता की कान्जी बंदच करून टाका. मुलांची कोवळी वर्षं चिन्हं घोकण्यात वाया जातात. विचारवंत फुकुझावा युकिची याने 1873 मध्ये मधला मार्ग सुचवला. दोन-तीन हजार चिन्हं पुष्कळ झाली, अवघड चिन्हं हळूहळू टाळत गेलं की झालं, असं त्याचं म्हणणं. नुसता सल्ला देऊन तो थांबला नाही. मुलांसाठी लिहिलेली त्याची वाचनमाला हजारापेक्षा कमी चिन्हांत भागवली होती. पुढे सुचवणारे बरेच झाले, स्वतःच्या पुस्तकात तो नियम पाळणारे थोडेच.

सरकारने 1900 मध्ये चार वर्षांच्या शाळेसाठी सुमारे 1200 चिन्हांची मर्यादा घातली, ती फार टिकली नाही. मग 1923 मध्ये 1962 चिन्हांची यादी तयार झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी ती 1 सप्टेंबरपासून पाळायचं ठरवलं, आणि नेमक्या त्याच दिवशी कांतो भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त केलं. यादी बाजूला पडली.

जमलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर. अमेरिकी शिक्षण शिष्टमंडळाने 1946 मध्ये रोमन लिपी घेण्याची शिफारस केली, तर जपान सरकारने त्याच वर्षी नोव्हेंबरात वापरासाठीच्या 1850 ‘तोयो कान्जी’ जाहीर केल्या. त्यांतल्या 881 शाळेसाठी 1948 मध्ये निवडल्या गेल्या. त्याच वर्षी सुमारे 17,000 लोकांची वाचन-लेखन चाचणी झाली. कान्जीमुळे जनता निरक्षर राहिली असेल, हा अंदाज फसला. अगदीच वाचता न येणारे दोन टक्क्यांच्या आसपास निघाले. कान्जी वाचली, आणि उरला प्रश्न वाटपाचा. कुठलं चिन्ह कुठल्या इयत्तेत, याची सरकारी वाटणी 1958 ची. तेव्हा पहिलीला फक्त 46 होती. सवलत एवढी की आजच्या जपानी आईबापांना हेवा वाटावा!

परदेशी प्रौढांना मात्र सहा वर्षं कोण देतो? युद्धकाळात अमेरिकी नौदलाने आधी बर्कलीला आणि मग कोलोरॅडोतल्या बोल्डरला भाषाशाळा चालवली. आठवड्याचे सहा दिवस रोज चार तास वर्ग, नागानुमा नाओए यांची पाठ्यपुस्तकं, वर घरचा अभ्यास आणि शनिवारी परीक्षा. पुढे जपानी साहित्याचे नामवंत अनुवादक झालेले डोनाल्ड कीन याच शाळेतून सुमारे वर्षभरात बाहेर पडले. पण ती निवडक मुलं होती, पगारी होती आणि त्यांना दुसरा उद्योग नव्हता. अमेरिकी अभ्यासक जेम्स हायसिग यांनी तर सुमारे 1900 चिन्हांचे अर्थ आणि लिखाण महिन्याभरात आत्मसात केल्याचं आपल्या 1977 च्या पुस्तकात सांगितलं. उच्चार त्यांनी मुद्दाम पुढल्या खंडासाठी ठेवले होते, हे त्यांच्या मागून धावणारे सोयीस्कर विसरतात आणि मग पुढचे पाठ मागचे सपाट होतं.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना मोजपट्टी मिळाली ती 1984 पासून होणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेमुळे. पुणे हे तिचं भारतातलं एक जुनं, गजबजलेलं केंद्र. सुरुवातीला चौथ्या पातळीला सुमारे 100 चिन्हं लागत, तिसरीला 300, दुसरीला 1000, पहिलीला 2000. यातली खरी चढण तिसरी ते दुसरीमधली. तिथेच पुष्कळांची दमछाक होई. म्हणून 2010 मध्ये मधे एक पायरी घालून पाच पातळ्या केल्या. त्याचबरोबर चिन्हांच्या अधिकृत याद्या छापणंही आयोजकांनी बंद केलं. तरी बाजारातल्या सरावाच्या पुस्तकांत अजून त्याच जुन्या आकड्यांच्या आधाराने आठवड्यांची वेळापत्रकं आखलेली सापडतात.