धारूरची वाट आणि सरकारी नकाशा

बालाघाटाच्या डोंगरांत वसलेलें धारूर हें बीड जिल्ह्यांतील एक जुनें ठाणें होय. इ. स. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान यानें येथें किल्ला बांधला. निजामशाहीच्या उंबरठ्यावर उभा राहिलेला हा तट मूर्तझा निजामशहास सहन होणें शक्य नव्हतें. त्यानें लवकरच तो जिंकून घेतला आणि किश्वरखान त्या झुंजींत पडला. पुढें १६३१ सालीं शहाजहानचा सेनापति आझमखान यानें किल्ला घेतला. मोंगलांच्या अमदानींत त्यास फतेहाबाद हें नांव मिळालें.

किल्ल्याच्या दोन्ही अंगांस खोल ओहोळ असल्याचें मोंगल इतिहासकार नमूद करतात. अशा मुलखांत घाटाची वाट, पाण्याची जागा आणि तटाची दुबळी बाजू यांची माहिती दारूगोळ्याइतकीच मोलाची. ती बहुधा वाटाड्यांच्या व हेरांच्या डोक्यांत असे. ती कागदावर उतरूं लागली, तेव्हां त्या कागदाचा धनी कोण, हा प्रश्न निर्माण झाला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीनें या प्रश्नाचीं दोन उत्तरें दिलीं. जेम्स रेनेल यानें बंगालची मोजणी करून आपला नकाशासंग्रह लंडनमध्यें उघडपणें छापला. मुंबईचा सर्व्हेयर जनरल चार्लस रेनल्ड्स यानें एतद्देशीय माणसें ठिकठिकाणीं पाठवून, वर्षानुवर्षें खपून, पश्चिम हिंदुस्थानचा प्रचंड नकाशा सिद्ध केला. पण तो मात्र कंपनीच्या डायरेक्टरांनीं गुप्त ठेविला. तो कधींच छापला गेला नाहीं. जो कागद जुना होण्यापूर्वींच उपयोगी पडावयाचा, तो दप्तरांत पडून जुना झाला. याच सुमारास, १७९२ पासून, निजामाच्या मुलखाच्या मोजणीचें काम कॉलिन मॅकेंझी याजकडे होतें. तोच पुढें १८१५ मध्यें साऱ्या हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला.

विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांच्या साह्यानें देश मापण्यास आरंभ केला. १८१५ मध्यें बीदराजवळ त्यानें आणखी एक पायारेषा मोजली आणि २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें, काम अर्धेंच असतां, त्यानें देह ठेविला. या कामाच्या पायावर पुढें मोजणी खात्याचीं पत्रकें निघालीं. त्यांतील ५६ बी/१ या पत्रकांत धारूर येतें. जमिनीवरचा अर्धा किलोमीटर तेथें एका सेंटिमीटरांत मावतो आणि डोंगराचा चढउतार समोच्चरेषांनीं दाखविलेला असतो.

अशा पत्रकांभोंवतीं कायद्याच्या दोन भिंती उभ्या राहिल्या. त्यांचा भेद ध्यानीं घेणें अवश्य आहे. पहिली भिंत गुप्ततेची. शत्रूस उपयोगी पडेल असा आराखडा राज्याच्या सुरक्षिततेस बाधक हेतूनें करणें १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यानें गुन्हा ठरविलें. पुढें सीमेलगतचे व किनाऱ्यालगतचे नकाशे सामान्य नागरिकास दुर्मिळ झाले. दुसरी भिंत स्वामित्वहक्काची. १९५७ च्या कायद्यानें नकाशा ही कलाकृति मानली. सरकारी नकाशाचा पहिला स्वामी सरकार ठरलें आणि आज हा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें टिकतो. पहिली भिंत म्हणते, ‘पाहूं नका’. दुसरी म्हणते, ‘पाहा, पण उतरवूं नका’. गुप्ततेस शत्रूचें कारण सांगतां येतें. पण ज्या मोजणीचा खर्च रयतेनेंच दिला, तिची नक्कल करण्यास रयतेनें पुन्हा परवानगी कां मागावी, याचें उत्तर देणें तितकें सोपें नाहीं. अमेरिकेंत संघसरकारच्या कृतींवर असा हक्कच नाहीं. ब्रिटननेंही २०१० मध्यें आपल्या मोजणी खात्याची बरीच सामग्री खुली केली.

बीड जिल्ह्यास हा केवळ वकिली वाद नव्हे. हा अवर्षणाचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळाची आठवण मराठवाडा विसरलेला नाहीं. पाझर तलाव कोठें घालावा, नाला कोठें अडवावा, पावसाचें पाणी कोणत्या उतारानें धांवतें, हें समोच्चरेषाच सांगतात. जी रेषा पूर्वीं वेढा घालणाऱ्यास हवी होती, तीच आज विहीर खणणाऱ्यास हवी आहे.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें संरक्षणासाठीं एक व लोकांसाठीं दुसरी अशा दोन मालिका केल्या. त्याच वर्षीं उपग्रहांनीं टिपलेलीं पृथ्वीचीं चित्रें ‘गूगल अर्थ’मुळें घरोघर दिसूं लागलीं आणि जुन्या गुप्ततेचें तेज ओसरलें. अखेर १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं केंद्र सरकारनें जुनीं बंधनें बव्हंशीं सैल केलीं. भारतीयांस मोजणी करण्यास पूर्वपरवानगीची गरज राहिली नाहीं, मात्र अत्यंत सूक्ष्म मापनाचें काम देशी संस्थांकडेच राखलें.

संरक्षणाचीं कांहीं स्थळें झांकलेलीं राहणें योग्यच आहे. परंतु डोंगर, ओढा आणि वाट हीं कोणत्याही खात्यानें निर्माण केलेलीं नाहींत. त्यांची मोजणी हें खात्याचें श्रेय. त्यांचें ज्ञान हा मात्र तेथें राहणाऱ्यांचा वारसा होय. नकाशा दप्तरांत बंद केल्यानें तट अभेद्य होत नाहीं. तो लोकांच्या हातीं दिल्यानें शेताला पाणी मिळण्याचा संभव मात्र निश्चित वाढतो.