रंगाआधीचा रंग

आमच्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे तो लाकडाचे छोटे मासे कोरतो, रंगवतो आणि गळाला बांधून खऱ्या माशांना फसवतो. आमच्या भूमकडे गळाला गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. त्यामुळे मला ही हौस जरा खर्चिकच वाटली! त्याची तक्रार अशी की चार वेळा पाण्यात गेलं की रंगाचे पोपडे सुटतात. आपल्याकडचे जुने लोक काय करायचे, असं त्यानं विचारलं. फोनवर मावण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

झाड तोडलं तरी लाकूड पाणी पिणं सोडत नाही. ओल लागली की फुगतं, वाळलं की आकसतं. वरच्या रंगाला तेवढं ताणता येत नाही, तो तडकतो. त्यातून फळीच्या कापलेल्या टोकाकडून पाणी सर्वांत जास्त शिरतं, आणि गळ अडकवायला पाडलेल्या भोकांतून. म्हणून आधी लाकडाची तोंडं बंद करायची, मग पांढरं अस्तर, मग रंग.

हे बंद करण्याचं साधन आपल्या दारात होतं: चिंचोके. आमच्या भागात ते भाजून खाण्यापलीकडे आज कुणाला आठवत नाहीत, पण घोंगडीला ताठपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीनं. चिंचोक्यातला चिकट अंश वाळला की पापुद्रा धरतो. आंध्रातल्या कोंडापल्लीचे खेळणीवाले भुसा आणि चिंचोक्याची खळ कालवून त्या लगद्यानं लाकडाचे भाग जोडतात, वर पांढरा हात देतात आणि मगच रंगाचा ब्रश उचलतात.

आपल्याकडे हे काम पाहायचं तर सावंतवाडीला जावं. शाळेची सहल घेऊन मी तिथल्या चितारआळीत गेलो होतो. मुलं लाकडी आंबे-केळी पाहण्यात दंग, आणि मी गंजिफांपाशी अडकलो. दशावतारी गंजिफेचे 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. जुने पत्ते कापडाचे. कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूचं पांढरं यांचे थर द्यायचे, वाळले की गुळगुळीत दगडानं घोटायचं, त्यावर चित्र, आणि शेवटी लाखेचा हात. चित्राला लागणाऱ्या वेळाहून त्याखालच्या कोऱ्या पांढऱ्याला लागणारा वेळ मला जास्त मोलाचा वाटतो.

पण खळ पाण्यात विरघळते. पत्त्याला, खेळण्याला ती चालेल, माशाला नाही. तिथे लाख हवी. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या किड्यांची ती देणगी. सुतार चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्यानं लावतात, तीच. मात्र लाखही फार वेळ पाण्यात राहिली की पांढुरकी पडते, म्हणून तिच्यावर तेलाचा किंवा वॉर्निशचा पक्का थर हवाच.

फिनलंडमधल्या लॉरी रापाला नावाच्या गरीब कोळ्यानं 1936 साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला. चकाकीसाठी चॉकलेटची चांदी गुंडाळली, आणि लाख कुठली मिळणार? फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला! आज ते नाव जगभर विकलं जातं. हातात असेल त्यातून तोंड बंद करायचं, हे त्यालाही सुचलं.

पुढे डब्यातला तयार ऑइलपेंट गावोगाव पोचला. एक हात मारला की वस्तू चकचकीत, मग खळ कोण शिजवणार? अस्तराचं ज्ञान आधी गेलं, कारण ते दिसत नव्हतं. छापील पत्ते आल्यावर गंजिफाही मागे पडल्या. स्वातंत्र्यानंतर सावंतवाडीत ही कला उरली होती ती पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराच्या हातात. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजघराण्यातल्या माणसांनी चिताऱ्यापुढे शिष्य म्हणून बसावं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हे! सत्वशीलादेवी 2018 साली गेल्या. राजवाड्याच्या दरबार सभागृहात कारागीर अजून गंजिफा रंगवतात. पत्ते आता कापडाऐवजी पुठ्ठ्याचे असतात.